चार बोटं पत्रा

माझा अनंत औषधाच्या कारखान्यात गोळ्या मोजणाऱ्या मशीनवर असतो. त्याने एकदा घरातला मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हापासून मी चटणी पाट्यावर वाटते. तोच अनंत एका रविवारी जेवताना म्हणाला, "आये, गाडीचं इंजीन बदलतो. मोठं घालतो. घरीच, अंगणात."

"जुनं कुठे टाकणार?" मी विचारलं.

"फणसाखाली."

"आणि तुला कुठे टाकू?"

माझी सून क्षमा हसली आणि हसू दिसू नये म्हणून आमटी आणायला उठली. आमटी पानातच होती.

गाडी आमच्या ह्यांनी घेतलेली. लाल, बुटकी, आठशेच्या इंजिनाची. आमच्या गावात, धारगळात, तेव्हा मोजून चार गाड्या, त्यांतली ही एक. पण ह्यांनी ती हौसेसाठी घेतली नाही, घागरीसाठी घेतली. ते आधी सांगते.

डोंगरीवरच्या माउलीला माघातल्या जत्रेच्या सकाळी पहिलं न्हाण घालतात ते आमच्या विहिरीच्या पाण्याने. हा आमच्या घराचा मान. घरातल्या वडील बाईने पहाटे पाणी ओढायचं, तांब्याची घागर भरायची आणि देवळात पोचेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. पुरुषाने हात लावायचा नाही. त्या पाण्याबरोबर दुसरं पाणी न्यायचं नाही, प्यायचंसुद्धा नाही. घागर वर पोचून घंटा वाजेपर्यंत गावातला दुसरा माणूस त्या रस्त्यावर पाऊल टाकत नाही; ज्यांना वर जायचं ते आदल्या रात्रीच जातात. माझी सासू चालत जायची, दोन कोस. मीही अकरा वर्षं चालत गेले. मग कंबर बोलायला लागली, तेव्हा ह्यांनी गाडी आणली आणि घागर माझ्या मांडीवर बसून जायला लागली.

आता विहिरीचं. विहीर एक, घरं दोन. माझे दीर वेगळे झाले तेव्हा वाटणीची भिंत अंगणातून निघाली ती थेट विहिरीवरून गेली. इकडच्या अर्ध्यावर माझी कप्पी, तिकडच्या अर्ध्यावर माझ्या जावेची. पाणी मात्र कोणाला वाटता आलं नाही.

जाऊ म्हणजे कमलाक्षी. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, जास्त सांगण्याइतकी ती नाही. भिंतीवर कोपरं टेकून बघणं हा तिचा उद्योग. मी वाळत काय घातलं, पाववाल्या पोदेराकडून उंडे किती घेतले, सगळं तिला ठाऊक. दहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. तेरावं व्हायच्या आत हिने देवळाच्या महाजनांना निरोप पाठवला, विधवेच्या हातचं पाणी माउलीला चालेल का ते विचारून घ्या. विचारलं. भर देवळात कौल लावला. देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या आणि सगळा गाव श्वास रोखून उभा राहिला. पाकळी उजवी पडली, माझ्या बाजूने. मी कमळीकडे बघितलं, तर ती पदर सारखा करत होती. पदर सारखाच होता. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलते, पण टोचण्यापुरतं.

तर गाडी म्हातारी झाली. गेल्या जत्रेला रुमडाच्या, म्हणजे उंबराच्या, चढणीवर तिने मान टाकली. ही चढण देवळाच्या अलीकडे, किलोमीटरभर. एका बाजूला चिऱ्याची उभी दरड, दुसऱ्या बाजूला खाली काजूची बाग, मधे एकच गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. अनंत आणि क्षमा उतरून ढकलतायत, मी आत घागर कवटाळून बसलेय, आणि मागे कमळीचा प्रज्योत आपल्या नव्या उंच गाडीचा हॉर्न वाजवतोय. धाकटं घर मागून यायचं अशी रीत आहे, म्हणून तो मागे. आम्ही पोचलो तेव्हा दीपस्तंभाच्या टोकाला ऊन लागून गेलं होतं. न्हाण त्याच्या आत व्हायला पाहिजे.

बाबली महाजन वाटच बघत उभा होता. हा देवस्थानचा मुख्य. डोक्यावर एक केस नाही, पण खिशात फणी. म्हणाला, "पद्मावतीबाय, ह्या वर्षी सोडलं. पुढच्या वर्षी उन्हाच्या आत मोठ्या घराचं पाणी आलं नाही तर धाकट्या घराचं घेणार. दोन्ही आली नाहीत तर त्यापुढे कायमचं देवळाच्या बोअरचं. नळ सोडला की काम झालं."

बोअरचं! माउलीला! माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं ते बाबलीच्या नळाच्या तोटीत जाणार! त्या रात्री मी जेवले नाही, हे मी घरात कोणाला कळू दिलं नाही. पेज आंबली होती असं सांगितलं.

भाड्याची टॅक्सी घेऊ, असं अनंतने एकदा सुचवलं. कोणाची टॅक्सी? जी आदल्या संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावरून उघड्याबोडक्या पाहुण्यांना बिअरच्या बाटल्यांसकट आणते, तिच्यात सकाळी माउलीचं पाणी? मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यात हे इंजीन आलं.

साखळीला एका भंगारवाल्याकडे त्याला गाडी मिळाली, मागून ट्रकाने ठोकलेली. मागचं सगळं पोह्यासारखं चपटं, पुढचं इंजीन धड. तेराशेचं. आरटीओचे कागद करायला त्याने दोन महिने चपला झिजवल्या. माझ्या मुलाला कागद करायला आवडतात. कागदाला स्क्रू नसतात.

मिस्त्री आणला तो भैरू. बेळगावकडचा. डिचोलीच्या खाणी चालू होत्या तेव्हा तिथे ट्रक दुरुस्त करायचा, आता हायवेवरच्या गॅरेजात आहे. रविवारी आमच्याकडे यायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बघा' म्हणायचा, बघण्यासारखं काही असो नसो.

फणसाच्या जाड फांदीला त्यांनी चेन-पुली बांधली. जुनं इंजीन वर आलं तेव्हा मला वाईट वाटलं. एवढंसं, काळं, सुरणाच्या गड्ड्यासारखं. बावीस वर्षं ह्याने आम्हाला डोंगरीवर नेलं होतं. मग नवं लटकवलं. ते म्हणजे रेडा. फांदी कुरकुरली आणि दोन कच्चे फणस खाली आले, त्यातला एक अनंतच्या पायाशी. फणसालासुद्धा नेम नाही.

इंजीन आत सोडायला गेले तर अडकलं. दोन बोटं जास्त. अनंतने माप घेतलं होतं ते क्षमाच्या शिवणाच्या टेपने, आणि त्या टेपचे सुरुवातीचे दोन इंच कधीच फाटून गेले होते. गोळ्या मोजणारा माणूस!

"अनंतराव," भैरू म्हणाला, "टेप तीनपासून चालू होतंय बघा."

"मला वाटलं एक आणि दोन पुसले असतील," अनंत म्हणाला.

भिंतीवर कोपरं आलीच होती. कमळीने गुडघा बदलून घेतल्याला चार महिने झाले होते, तरी स्टुलावर चढून उभी. "वयनी," ती म्हणाली, "एवढ्याशा पेटीत एवढं मोठं कसं गो मावणार?"

"तुझ्या घरात तू मावतेस ना?"

"मी आपली काळजीने विचारते."

"काळजी गुडघ्याची कर. पडलीस तर आम्हालाच उचलायला यावं लागेल, आणि आमची चेन-पुली आता मोकळी नाही."

ज्या पट्ट्यांवर इंजीन बसतं त्या भैरूने कापून नव्याने जोडल्या. असे पाच रविवार गेले. अंगणात तेलाचे डाग, माझ्या तुळशीपाशी नटबोल्ट, दोरीवर सुकणाऱ्या लुगड्याला ग्रीसचा पंजा. सहाव्या रविवारी गाडी चालू झाली. काय तो आवाज! शेजारच्या कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या. भिंतीवरची कोपरं क्षणात खाली गेली. खरं सांगते, मला तो आवाज आवडला. पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पोरं शेफारतात.

तेवढ्यात भैरू हात पुसत आला. "अक्का, इंजीन बसलं बघा. पर येक हाय. ह्याला रेडिएटर मोठा लागतंय."

"ते काय?"

"पाण्याची पेटी ओ. इंजीन तापलं की गार करती. जुनी पेटी आठशेला पुरत हुती, तेराशेला लहान पडती. मोठी बसवायची तर फुडचा पत्रा चार बोटं कापाय लागतंय."

मी गाडीच्या तोंडाकडे बघितलं. आमचे हे रोज सकाळी चहाच्या आधी तेवढा पुढचा पत्रा फडक्याने पुसायचे. बाकी गाडी चिखलाने भरलेली असली तरी चालेल, तोंड स्वच्छ पाहिजे. मग मी भिंतीकडे बघितलं. कोपरं परत वर आली होती.

"तोंड कापलेली गाडी घेऊन मी माउलीच्या दारात जाऊ?"

"भोक दिसत न्हाई अक्का, जाळी लावतो की."

"पत्र्याला हात लावलास तर तुला ह्याच फांदीला टांगीन."

अनंत मधे पडला. "आये, चढणीवर तापेल गो."

"बावीस वर्षं तापली नाही."

"तेव्हा इंजीन लहान होतं."

"तेव्हा चालवणारा मोठा होता."

 भैरूने मान हलवली आणि म्हणाला, "मग दोन कॅन पाणी ठेवा बघा डिकीत. तापली की घालायचं, हळूहळू." मी दम दिल्यावरच माणसं नेहमी अशी सोपी युक्ती सांगतात. आधीच सांगायची.

जत्रेची पहाट. मी न्हाऊन विहिरीवर गेले, घागर सोडली. माझी कप्पी थांबली तशी पलीकडची करकरायला लागली. मला ठाऊक होतं कमळी काय करतेय. बाबलीने आशा लावून ठेवली होती, म्हणून हीही घागर भरून मागे येणार, आम्ही कुठे अडकतो ते बघत. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "गिधाडांना पहाटे जाग येते." पलीकडची कप्पी करकरतच राहिली.

गाडीपाशी आले तर क्षमा डिकीत दोन पांढरे कॅन ठेवत होती.

"हे काय?"

"पाणी, आये. भैरू म्हणाला होता."

"न्हाणाच्या पाण्याबरोबर दुसरं पाणी?"

"हे प्यायला नव्हे, इंजिनाला."

"इंजिनाला म्हणून ते पाणी नव्हे का? काढ."

तिने अनंतकडे बघितलं, अनंतने आकाशाकडे बघितलं. क्षमाने कॅन काढून पायरीवर ठेवले, एका शब्दाने बोलली नाही. मला ही सून बोललेली चालते. गप्प राहिली की पुढच्यासाठी जमा करते.

निघालो. सपाटीला गाडी अशी गेली की घागरीतलं पाणी मागे सरकलं आणि माझं नऊवारी भिजलं. आरशात प्रज्योतची गाडी लहान होत गेली. "हळू रे मेल्या," मी म्हटलं, पण हळू जाऊ नये असंच वाटत होतं. डोंगरी सुरू झाली, पहिलं वळण, दुसरं, गेल्या वर्षी जिथे उतरून ढकललं तो दगड मागे पडला. मी त्या दगडाकडे बघून मान ताठ केली. तिसऱ्या वळणाला वास आला, गुळाची काहील करपल्यासारखा.

"आये," अनंत म्हणाला, "काटा वर गेलाय."

"चढणीला वर जाणारच."

"तो काटा नव्हे."

आणि रुमडाच्या बरोबर खाली गाडीच्या तोंडातून वाफ सुटली. अनंतने ब्रेक मारला, उतरून बॉनेट उघडलं. भाताच्या गिरणीसारखा फुसफुसाट. पाण्याच्या पेटीचं झाकण त्याने जाड फडक्याने हळूहळू फिरवलं, तरी बोटं भाजून घेतलीच. आत डोकावला.

"पाणी गेलं. सगळं उकळून गेलं."

"मग आता?"

"आपोआप निवायला अर्धा तास. आणि निवली तरी पाण्याशिवाय दोन वळणं जाणार नाही." बोलता बोलता त्याची नजर खाली आली ती माझ्या मांडीवर थांबली.

"डोळे काढीन," मी म्हटलं.

"मी काही म्हटलं का?"

"म्हणू पण नको."

वर रुमडाच्या फांद्यांतून आभाळ पांढरं झालं होतं. ऊन यायला पंधरा मिनिटं, फार तर वीस. खाली उतरून चालायचं म्हटलं तर किलोमीटरभर उभी चढण, हातात भरलेली घागर आणि वय एकाहत्तर. मी गुडघ्यांना विचारून बघितलं. ते नाही म्हणाले. क्षमाकडे द्यायची तर ती वडील बाई नव्हे. आणि घरी पायरीवर पांढरे दोन कॅन, भरलेले. क्षमा खिडकीतून बाहेर बघत होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मागून हॉर्न. प्रज्योत आला होता. काळा चश्मा लावून, सूर्य उगवायच्या आधी.

"मोठी आये, गाडी बाजूला घ्या."

"कुठे घेऊ, तुझ्या डोक्यावर?"

त्याने दरडीकडे बघितलं, काजूकडे बघितलं. मग तो आणि अनंत दोघांनी खांदा लावला. नाकात तेराशे भरलेली गाडी, ती चढणीला ढकलतायत! चार हात पुढे गेली आणि पाच हात मागे आली, प्रज्योतच्या गाडीच्या बंपरला टेकायची राहिली. त्याने धावत जाऊन चाकाखाली धोंडा सारला. चश्मा पडला, त्याच्यावरच पाय पडला. एवढं एक त्या सकाळी बरं झालं.

अनंतने भैरूला फोन लावला. भैरूचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "पाणी घाला की ओ, इंजीन चालू ठिवून. कॅन ठिवलं हुतं नव्हं?" अनंत माझ्याकडे बघून म्हणाला, "विसरलो." विसरलो म्हणाला. मी घागर जरा घट्ट धरली.

तेवढ्यात मागच्या गाडीचं दार उघडलं आणि काठी बाहेर आली, काठीमागून कमळी. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने कमरेवरची घागर, त्यावर पदर झाकलेला. पाच पावलं टाकायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी तिला मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

"वयनी, काय झालं?"

"कमळे, पदराखाली काय आहे?"

"कुठे? काय नाही."

"मग ते काय नाही माझ्या गाडीत ओत."

ती थांबली. तिला समजलं. तिला सगळंच समजतं, म्हणून तर राग येतो.

"मी का ओतू?" ती म्हणाली. "माझं पाणी माउलीचं आहे."

"वर कसं नेणार? उडत? माझी गाडी हलल्याशिवाय तुझी हलत नाही. तुझा हा गुडघा इथून देवळापर्यंत गेला तर मी तुला नमस्कार करीन. ऊन आलं की माझंही पाणी गेलं, तुझंही गेलं, आणि पुढच्या वर्षीपासून बाबली तोटी सोडणार. बस मग आपण दोघी भिंतीच्या दोन बाजूंना."

"तुझं ओत तू. माझं वर जाऊ दे."

"माझं पहिलं आहे. रीत आहे."

"रीत!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. कमळीचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "रीत म्हणे! वयनी, दहा वर्षं मी ही घागर भरते. दहा वर्षं! तुला काय वाटलं, ह्याच वर्षी? दर वर्षी पहाटे ओढते, मांडीवर घेऊन तुझ्यामागून येते, तुझं न्हाण होतं, आणि मी भरलेली परत नेऊन त्याच विहिरीत ओतते. तू कधी मागे वळून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. आरशात प्रज्योतची गाडी लहान झाली की मला पुरे व्हायचं.

"दर वर्षी?" मी विचारलं.

"जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरते ती कशाने?"

"मला वाटलं खाऊन."

 तिने माझ्याकडे बघितलं. हसली का रडली ते त्या उजेडात कळलं नाही. मग काठी प्रज्योतच्या हातात दिली आणि गाडीच्या तोंडाकडे गेली. अनंत घागर घ्यायला पुढे झाला तशी खेकसली, "हात लावू नको! पुरुषाचा हात लागायचा नाही." आणि एका पायावर भार देऊन, गाडीला कंबर टेकून, तिने स्वतः ओतलं. भसकन नाही. माउलीच्या मस्तकावर घालतात तशी बारीक धार. अनंत सांगत होता, "हळू, काकी, थांब, आता घाल," इंजीन चालू होतं, वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि कमळी डोळे मिटून ओतत होती. मी मांडीवर घागर घेऊन बघत बसले. मला उतरताही येत नव्हतं. घागर टेकवायची नाही ना.

अर्धी घागर लागली. उरलेलं तिने रुमडाच्या मुळाशी घातलं.

"आता बस माझ्या गाडीत," मी म्हटलं.

"का?"

"परत मागे वळून बघायला माझी मान दुखते."

ती बसली, रिकामी घागर घेऊन, माझ्या शेजारी. क्षमा पुढे गेली. अनंतने गाडी सोडली आणि त्या रेड्याने उरलेली चढण खाऊन टाकली. चारही बाजूंनी धूर, खडी, माझ्या तोंडात माउलीचं नाव, कमळीच्या तोंडात "मेले गो बाय, मेले". देवळासमोर थांबलो तेव्हा दीपस्तंभाचं टोक अजून सावलीत होतं. मी घागर खांद्यावर घेतली आणि आत गेले. घंटा वाजली. पहिलं पाणी माउलीच्या मस्तकावर पडलं आणि बाहेर कोणीतरी ओरडलं, "आलं ऊन!"

बाहेर आले तर बाबली फणी काढून उभा. मोठ्या घराला बोलता येईना, म्हणून धाकट्यावर घसरला. कमळी दाराशी रिकामी घागर घेऊन उभी होती.

"कमलाक्षीबाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रिकामी घागर घेऊन मान मागायला आलात?"

पाचपन्नास माणसं हसली. मी गप्प राहिले असते तर माझं काहीच बिघडलं नसतं. दहा वर्षांचं फिटलं असतं. कमळीने खाली बघितलं आणि पदर सारखा केला, आणि पदर आजही सारखाच होता.

"बाबली," मी म्हटलं, "तिची घागर माझ्या गाडीने प्यायली, म्हणून माझी वर आली. माझ्या गाडीचं पाणी वाटेत संपलं. चूक माझी. तिच्या धाकट्या घराने मोठ्या घराचा मान राखला. आता हस. आणि ती फणी आत ठेव, तिला कामच नाही."

आता हसणारे बाबलीकडे बघून हसले. 'चूक माझी' हे दोन शब्द मी जन्मात पहिल्यांदा बोलले, तेही देवळात. अनंतने ऐकले असतील तर त्याने विसरून जावेत.

पुढच्या रविवारी मी भैरूला बोलावलं. तो कटर घेऊन गाडीसमोर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. फांदीकडेही एकदा बघितलं.

"अक्का, कापू?"

"कशाला आलास मग?"

"चार बोटं?"

"पाच काप. तुझी बोटं बारीक आहेत."

ठिणग्या उडाल्या. आमचे हे पुसायचे तो पत्रा पट्टीसारखा खाली पडला. मी तो उचलला, फडक्याने पुसला आणि आत नेऊन ठेवला, कुठे ते सांगत नाही. बाहेर आले तर कोपरं भिंतीवर होतीच.

"वयनी," कमळी म्हणाली, "तोंड कापलं गो गाडीचं!"

"कापलं."

"कसं दिसतं!"

"स्टुलावरून उतर आणि इकडून ये," मी म्हटलं. "तिथून धड दिसत नाही. आणि येताना क्षमाला सांग चहा ठेव म्हणून, मी ओरडून घसा फोडून घेणार नाही."